बोगद्यापलीकडचे गाव

प्रवासाला निघताना सामानाची यादी आपण दहा वेळा तपासतो. मनात काय घेऊन निघालो आहोत, ते तपासण्याची मात्र आपली रीत नाही. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस मी आणि माझी शाळासोबतीण, अशा आम्ही दोघी मिलानच्या मध्यवर्ती स्थानकावर गाडीची वाट पाहत उभ्या होतो. आमच्याजवळ दोन लहान बॅगा होत्या, पाण्याची बाटली होती, बेळगावहून आणलेल्या चिवड्याचा उरलासुरला डबा होता आणि तिच्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता. त्या कागदात काय लिहिले आहे, ते मला ठाऊक होते. त्याविषयी प्रवासात बोलायचे नाही, हेही आम्ही एकमेकींना न सांगताच ठरवून टाकले होते.

मैत्रिणीची लेक मिलानला नोकरी करते. महिनाभर तिच्याकडे राहावे, चार ठिकाणे पाहावीत, या बेताने आम्ही गेलो होतो. लेकीला रजा मिळेना, तेव्हा तिनेच आम्हा दोघींची तिकिटे काढली आणि चार वेळा बजावले, "आई, मावशी, मोंतेरोस्सोला गाडी बदलायची. व्हेर्नात्साला गाडी एकच मिनिट थांबते. दाराशी आधीपासून उभ्या राहा." चाळीस वर्षे शाळेत मुलांना सूचना देण्यात घालवलेल्या आम्ही दोघी माना डोलावत राहिलो.

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रदेशात, ला स्पेत्सिया शहराच्या पश्चिमेस डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्या उतारावर मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे अशी पाच गावे ओळीने वसली आहेत. या पाचांना मिळून 'चिंक्वे तेर्रे' म्हणतात. शब्दशः अर्थ 'पाच भूमी'. मोटारीचा रस्ता डोंगरावरून वळसे घेत येतो आणि गावाच्या वेशीपाशी थांबतो. म्हणून या गावांना जावे ते आगगाडीनेच.

मिलानचे स्थानक १९३१ साली सुरू झाले. त्याच्या पोलादी कमानींचे छप्पर इतके उंच आहे, की खाली उभ्या असलेल्या गाड्या खेळण्यातल्या वाटाव्यात. गाडी वेळेवर निघाली. शहराची वस्ती विरळ होत गेली आणि पावियाच्या आसपास दुतर्फा भातशेती दिसू लागली. युरोपात भात पिकतो हे पुस्तकात वाचलेले होते. प्रत्यक्षात ती पिवळीधमक, कापणीला आलेली शेते पाहून आम्ही दोघीही खिडकीला चिकटून बसलो.

"खानापूरकडं आल्यासारखं वाटतंय की गं!" ती म्हणाली. मग क्षणभर थांबून, आपल्याशीच बोलावे तशी पुढे म्हणाली, "कुळागराच्या खालच्या तुकड्यात यंदा भात लावलेलंच नाही. माणूसच मिळाला नाही म्हणे."

ठरल्याप्रमाणे मी गप्प बसायला हवे होते. पण वर्षानुवर्षांच्या मैत्रीत जीभ सैल होते. मी म्हणून गेले, "मग सही करून टाक की एकदाची. कोण राहणार आहे आता तिथं? दोघं भाऊ थकले, मुलं परमुलखात. तू एकटी कशाला अडवून धरतेस?"

ती काही बोलली नाही. पो नदीचा रुंद, संथ प्रवाह पुलाखालून मागे गेला, तो दाखवायलाही ती वळली नाही. चिवड्याचा डबा आमच्या दोघींच्या मध्ये तसाच बंद राहिला.

त्या कागदाची हकीकत येथे सांगायला हवी. तिचे वडील मूळचे गोव्याच्या सांगे तालुक्यातले. नोकरीच्या निमित्ताने बेळगावला आले आणि इथलेच झाले. मागे गावी डोंगराच्या उतारावर वडिलोपार्जित कुळागर राहिले. पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढवलेले मिरवेल, वरच्या झऱ्याचे पाणी पाटापाटाने खाली नेणारी व्यवस्था आणि उतारावरची माती धरून ठेवणारे दगडांचे गडगे, असा तो सारा पसारा. आता ते विकायचे घाटत होते. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीला मुलाच्या बरोबरीने वारसाहक्क आहे. त्यामुळे तिच्या सहीवाचून व्यवहार पुरा होणार नव्हता. भावांनी संमतीचा कागद तयार करून पाठवला होता. गेले चार महिने तो तिच्या पर्समध्ये होता.

अपेनाइन डोंगर लागले आणि बोगद्यांना सुरुवात झाली. बोगदे ओलांडून गाडी जेनोआत उतरली. कोलंबसाचे हे शहर. स्थानकाबाहेरच त्याचा पुतळा उभा आहे. येथून पुढे रूळ समुद्राची सोबत धरतात. सेस्त्री लेवांते मागे पडले, की मात्र ही सोबत लपंडावाची होते. डोंगर इतका सरळ पाण्यात उतरतो, की रुळांना बाहेर जागाच नाही. बोगदा संपतो, क्षणभर निळा समुद्र, खडकावर आपटणारा फेस, वर एखादे घर दिसते न दिसते, तोच पुन्हा अंधार. जेनोआ ते ला स्पेत्सिया हा मार्ग १८७४ साली पुरा झाला. त्याआधी या पाच गावांना जगाशी जोडणारे दोनच मार्ग होते. एक समुद्राचा, दुसरा डोंगरावरून जाणाऱ्या खेचरांच्या पायवाटेचा.

चौथा की पाचवा बोगदा सुरू झाला आणि शेजारून आवाज आला, "काच लाव गं, धूर येईल."

गाडी विजेची, काचा कायमच्या बंद, धुराचा प्रश्नच नव्हता. पण ते वाक्य तिच्या आईचे होते. सन १९७० च्या उन्हाळी सुटीत तिच्या घरच्यांबरोबर मी पहिल्यांदा गोव्याला गेले होते. बेळगावहून लोंढा, लोंढ्याहून कॅसलरॉक आणि तेथून घाटातून कुळ्याकडे उतरणारी ती मीटरगेजची गाडी. बोगदा आला, की डब्यातली सारी मुले एकसुरात ओरडत. वाफेच्या इंजिनाचा धूर आत शिरे. आणि तिची आई पदराने तोंड झाकून दर वेळी तेच वाक्य म्हणे. तरीही सावर्ड्याला उतरेपर्यंत आमची नाके काळी झालेली असत.

मला हसू आवरेना. तिलाही आवरले नाही. समोर बसलेल्या इटालियन आजीबाई कारण न कळताच आमच्याबरोबर हसल्या. मी डबा उघडला आणि पहिली मूठ त्यांच्यापुढे धरली.

मोंतेरोस्सो हे पाचांतले सर्वांत मोठे गाव. १९७५ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेले कवी एउजेनियो मोंताले यांच्या कुटुंबाचे उन्हाळी घर येथेच होते, आणि या किनाऱ्यावरचे ऊन, खडक व समुद्र त्यांच्या कवितेत उतरले आहेत. आम्हाला मात्र कवितेपेक्षा तिकिटाची चिंता होती. तिकडे स्थानिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो, विसरल्यास दंड. यंत्राने आमचे तिकीट दोनदा परत केले, तिसऱ्यांदा स्वीकारले.

पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाच मिनिटांत गाडी थांबली. पण बाहेर काळोख! आम्हाला वाटले, सिग्नल नसावा म्हणून बोगद्यात उभी राहिली असेल. आम्ही दाराशी अगदी आज्ञाधारकपणे उभ्या होतो आणि उतरत मात्र नव्हतो. व्हेर्नात्साचे स्थानक दोन बोगद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसवलेले असून त्याच्या फलाटाचा काही भाग बोगद्यातच आहे, हे सांगायचे लेकीच्या राहून गेले होते. एका तरुणाने दार उघडले, आमच्या बॅगा उचलून खाली ठेवल्या आणि आम्ही कशाबशा उतरलो. भिंतीला हात लावत, त्या अंधाऱ्या फलाटावरून चालत आम्ही उजेडात आलो, तो समोर गाव!

गाव म्हणजे एकच मुख्य रस्ता. स्थानकापासून निघतो आणि चालत पाच मिनिटांत समुद्राला मिळतो. दोन्ही बाजूंना चार-चार, पाच-पाच मजल्यांची उंच, अरुंद घरे. गेरू, गुलाबी, पिवळा, फिका हिरवा अशा रंगांची आणि खिडक्यांना हिरव्या झडपांची. रस्ता संपतो तेथे लहानसा चौक, चौकाला लागूनच बंदर. चौकाच्या एका अंगाला, पाण्यात पाय सोडून बसावे तसे संत मार्गारेटचे चर्च आहे. इसवी सन १३१८ मध्ये त्याचा उल्लेख आढळतो. दुसऱ्या अंगाला खडकावर दोरिया किल्ल्याचा गोल बुरूज. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी असे बुरूज या किनाऱ्यावर ठिकठिकाणी उभारले गेले. आणि या सगळ्याच्या वर, गावाच्या डोक्यावर, जिकडे पाहावे तिकडे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला डोंगर.

माझी मैत्रीण चौकात उभी राहिली ती समुद्राकडे पाठ करून. लोक दुरून येतात ते समुद्र पाहायला. ही डोंगर पाहत होती.

"गडगे गं!" ती म्हणाली. "सगळा डोंगर गडग्यांवर उभा आहे."

आम्ही जिच्याकडे खोली घेतली होती, ती बाई साठीच्या घरातली, प्रवाशांना खोल्या देता देता इंग्रजी शिकलेली. तिने किल्ली दिली आणि जिन्याशी थांबून भिंतीवरची एक जागा दाखवली. तिचा हात तिच्या डोक्याच्या कितीतरी वर गेला होता. "इथपर्यंत चिखल होता," ती म्हणाली.

दिवस २५ ऑक्टोबर २०११ चा. सकाळपासून कोसळणाऱ्या पावसाने दुपारी रौद्र रूप धरले. आपण ज्याला गावाचा मुख्य रस्ता म्हणतो, त्याच्या खालून एक ओढा वाहतो. त्यावर फरशी घालून रस्ता केलेला. डोंगरावरून माती, दगड, झाडे, मोटारी असे सारे काही घेऊन पाण्याचा लोंढा आला आणि ओढ्याच्या पोटात मावेना, तेव्हा रस्त्यावरूनच धावला. पाणी ओसरले तेव्हा तळमजले गाडले गेले होते. काही ठिकाणी चिखलाचा थर चार मीटरपर्यंत होता. व्हेर्नात्सात तीन माणसे दगावली. शेजारच्या मोंतेरोस्सोलाही जबर तडाखा बसला. रस्ते तुटले, रेल्वे थांबली आणि गावकऱ्यांना बोटींतून बाहेर काढावे लागले. शतकापूर्वीचा समुद्राचा मार्गच शेवटी उपयोगी पडला.

"आम्ही ओढ्याला विसरलो होतो," बाई म्हणाली. मग खिडकीतून वर बोट दाखवून म्हणाली, "आणि त्यालाही."

त्या बोटाने दाखवलेल्या दिशेला हिरव्यागार झाडीत बुडालेला उतार होता. मला तो सुंदर वाटला. मैत्रिणीने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "रान माजलंय तिथं," ती हळूच म्हणाली. "खाली गडगे ढासळलेले असणार."

तसेच होते. या डोंगरावर सपाट अशी जागा नाही. हजारएक वर्षांपासून येथील माणसांनी डोंगर फोडून दगड काढले, चुना-सिमेंटावाचून नुसते एकावर एक रचून बांध घातले, बांधामागे माती भरली आणि त्या अरुंद पट्ट्यांवर द्राक्षे, ऑलिव्ह आणि लिंबे लावली. असा बांध पाणी अडवीत नाही. दगडांच्या फटींतून त्याला वाट देतो आणि माती तेवढी धरून ठेवतो. म्हणूनच तो टिकतो, आणि म्हणूनच त्याला माणूस लागतो. एक दगड निखळला आणि तो वेळेवर बसवला नाही, तर पुढच्या पावसात हातभर बांध जातो. त्याच्या पुढच्या पावसात खालचे दोन जातात. शिवाय झाडांची मुळे आहेत, माती उकरणारी रानडुकरे आहेत.

माणूस का गेला, याचे उत्तर आम्ही ज्या मार्गाने आलो त्याच मार्गावर आहे. १८६९ साली ला स्पेत्सियाला आरमाराची मोठी गोदी सुरू झाली आणि पाच वर्षांत रेल्वे आली. पाठीवर टोपली घेऊन शेकडो पायऱ्या चढण्यापेक्षा महिन्याचा पगार कोणाला नको होता? बाप डोंगरावर राहिला, मुलगा गोदीत गेला, नातू आणखी दूर गेला. पुढे त्याच रेल्वेने प्रवासी आणले. गावाच्या हाती पैसा आला, तो खोल्यांतून आणि खानावळींतून, डोंगरावरून नव्हे. १९९७ साली युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला, १९९९ साली तो राष्ट्रीय उद्यान झाला. आज दरवर्षी लक्षावधी लोक येतात आणि व्हेर्नात्साच्या साऱ्या हद्दीत कायम राहणारी माणसे मात्र हजाराच्या आत आहेत. २०११ चा पाऊस असाधारण होता, यात शंका नाही. परंतु ज्या उतारांवरची शेते सोडून दिलेली होती, तेथील माती धरायला कोणी उरले नव्हते, हेही तितकेच खरे.

बाईच्या सासऱ्यांची तीन शेते वर होती. ती कुठे होती, ते तिला आता नीट दाखवता येत नव्हते. हे सांगताना तिने कपाळावर आठी आणली नाही की डोळ्यांत पाणी आणले नाही. पण मैत्रिणीचा हात नकळत पर्सच्या बंदावर गेल्याचे मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हे तापण्यापूर्वी आम्ही कोर्नील्याच्या दिशेने जाणाऱ्या पायवाटेने निघालो. पुरते जायचे नाही, गुडघे सांगतील तेथून परतायचे, असा करार होता. वाट म्हणजे दगडी पायऱ्याच. प्रत्येक वळणावर गाव लहान होत गेले आणि समुद्र मोठा. एका बाजूला द्राक्षांचे मांडव होते, कमरेच्या उंचीचे. वाऱ्याला आणि खारट तुषारांना तोंड देण्यासाठी वेली येथे अशा बुटक्या ठेवतात. तोडणीचे दिवस होते. उतारावरून एक पोलादी पट्टी खाली जात होती आणि तिच्यावरून दातेरी चाकाची एक लहानशी गाडी करंड्या घेऊन खडखडत सरकत होती. द्राक्षे खाली आणायला अलीकडच्या काळात ही सोय झाली. त्याआधी ती डोक्यावरून आणि पाठीवरून येत.

गुडघ्यांनी निरोप दिला तेथेच एक म्हातारा बांध दुरुस्त करीत होता. दोन हात रुंदीचे खिंडार पडले होते. त्याने निखळलेले दगड आकारानुसार वेगळे मांडून ठेवले होते. मोठे खाली, मधले बाजूला आणि लहान कपऱ्यांचा एक ढीग. आम्ही टेकलो आणि पाहत राहिलो. तो दगड उचलायचा, हातात फिरवायचा, बसवायचा, पुन्हा काढायचा, दुसऱ्या अंगाने बसवायचा. घाई कसली ती नव्हती.

थोड्या वेळाने माझी मैत्रीण उठली. तिने ढिगातला एक दगड उचलला आणि त्याच्यापुढे धरला. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिले, दगडाकडे पाहिले आणि मान हलवून खिंडाराकडे बोट केले. तिने तो जागेवर ठेवला. रुंद बाजू दर्शनी, पाहायला चांगली दिसेल अशी. म्हातारा हसला. त्याने तो काढला, वळवला आणि लांब बाजू बांधाच्या पोटात जाईल असा आत सरकवला. बाहेर दगडाचे टोकच तेवढे दिसू लागले. मग त्याने मागच्या पोकळीत दोन मुठी कपऱ्या भरल्या आणि तळहाताने दगडावर थाप मारली. दगड हलला नाही.

"बाबल्या अस्संच म्हणायचा," ती माझ्याकडे वळून म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. बाबल्या म्हणजे त्यांच्या कुळागरातला जुना गडी. "दगडाचं तोंड लहान असलं तरी चालेल, शेपूट लांब पाहिजे, असं म्हणायचा. मी लहान असताना मला कपऱ्या भरायला बसवायचा. मी विसरले होते गं सगळं."

बिनचुन्याच्या दगडी बांधकामाची ही कला युनेस्कोने २०१८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. इटलीसह युरोपातल्या आठ देशांनी मिळून ती नोंद करून घेतली. आपल्याकडचे गडगे त्या यादीत नाहीत. पण त्या म्हाताऱ्याच्या आणि बाबल्याच्या हातांची भाषा एकच होती, हे मी त्या सकाळी डोळ्यांनी पाहिले. त्या दोघांमध्ये दुभाष्या म्हणून उभी होती ती माझी मैत्रीण, आणि तिला इटालियनचे दोन शब्दसुद्धा येत नव्हते.

दुपारी चौकातल्या एका लहानशा दुकानात आम्ही फारिनाता खाल्ला. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एकत्र करून मोठ्या तांब्याच्या परातीत ओततात आणि भट्टीत भाजतात. म्हणजे आपले बेसनाचे धिरडेच! फक्त मिरची-कोथिंबिरीविना. त्याबरोबर पेस्तो आला. आपला सब्जा ज्या जातीचा, त्याच जातीची ती कोवळी हिरवी पाने लसूण, चिलगोज्यासारखे दाणे, चीज व तेल घालून दगडी खलात कुटतात. "चटणी वाटताना इतकं तेल घातलं असतं तर आईनं हाणलं असतं," असा शेरा मारून मैत्रिणीने ती बोटाने पुसून खाल्ली.

दुकानदाराने आग्रहाने अंगठ्याएवढ्या पेल्यात 'शाक्केत्रा' आणली. निवडक घड तोडून, महिना-दीड महिना सावलीत वाळवून त्या सुकत आलेल्या द्राक्षांपासून काढलेली ही गोड, मधाच्या रंगाची वारुणी येथील लग्नामुंजीची, म्हणजे मोठ्या प्रसंगांची. आम्ही दोघी जन्मभर चहापलीकडे गेलेल्या नाही. मी नुसता वास घेतला. तिने ओठाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, "बेळगावात कुणाला सांगू नकोस हं." ते मी आज येथे छापून सांगते आहे, तिची परवानगी घेतली आहे.

मग तिने पर्स उघडली. कागद काढला, घडी मोडली, हाताने सारखा केला आणि टेबलावर ठेवला.

"तू म्हणतेस ते खोटं नाही," ती म्हणाली. "मी तिथं जाऊन राहणार नाही. भावांचं वय झालं. पोरं येणार नाहीत. भावनेवर कुळागर शिंपता येत नाही, हे मलाही कळतं. पण वरचा मोठा गडगा दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळला आणि आम्ही तिघांनी ठरवलं, की आता विकायचंच आहे तर दुरुस्त कशाला करायचा. खाली तीन घरं आहेत गं. त्या घरांचा विचार आमच्यातल्या एकालाही सुचला नाही."

यावर मी काय बोलणार? गाडीत मी जे बोलले होते ते व्यवहाराचे होते, आणि व्यवहार म्हणून आजही मला ते चुकीचे वाटत नाही. पण जमीन विकली की आपण मोकळे झालो, असे मी धरून चालले होते. उताराच्या वरचा मनुष्य खालच्या माणसाचे देणे लागतो. ते देणे खरेदीखताने फिटत नाही, हे मला त्या जिन्यावरच्या चिखलाच्या खुणेने शिकवले. मी तिला तसे म्हटले नाही. एवढेच म्हटले, "दादाला फोन लाव. तिकडे आता संध्याकाळ झाली असेल."

बंदराच्या धक्क्यावर उभी राहून ती भावाशी कितीतरी वेळ बोलत होती. लाटांच्या आवाजामुळे मला ऐकू येत नव्हते, आणि ऐकू नये म्हणून मीही जरा लांबच उभी होते. परत आली तेव्हा म्हणाली, "सही करणार नाही असं नाही म्हटलं. आधी गडगा, म्हटलं. खर्च माझा."

संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही अर्धा तास आधीच फलाटावर गेलो. या वेळी बोगद्याच्या तोंडाशी न घाबरता उभ्या राहिलो. गाडी आली, आम्ही चढलो, अंधार झाला, उजेड झाला, पुन्हा अंधार झाला. समुद्र प्रत्येक खेपेला थोडा अधिक काळवंडलेला दिसत होता. पावियाच्या भातशेतीवरून जाताना बाहेर काहीच दिसत नव्हते. ती माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली होती.

हकीकत येथे संपवता आली असती, पण अर्धीच राहिली असती. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघी सांग्याला गेलो. लोंढ्यावरून, त्याच घाटातून. मार्ग आता रुंद झाला आहे, धूर इतिहासजमा झाला आहे, पण बोगद्यात मुले अजून ओरडतात. गडगा घालणारा माणूस शोधायला आठ दिवस लागले. चिरे सिमेंटात बसवणारे गवंडी हवे तितके. नुसते दगड रचणारा मिळेना. शेवटी पलीकडच्या वाड्यावरचा एक सत्तरीचा गृहस्थ तयार झाला. त्याने एक अट घातली, की हाताखाली एक तरुण मुलगा द्या, मला वाकवत नाही. खालच्या घरातला एक मुलगा आला. सोळा दिवस काम चालले. मैत्रीण रोज स्टुलावर बसून कपऱ्या निवडून देत होती आणि मी चहा करीत होते.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात, जुलैमध्ये एका रात्री तिकडे फार पाऊस झाला. सकाळी तिच्या भावाचा फोन आला. "वरच्या गडग्यातून जागोजाग पाणी झिरपतंय," ते म्हणाले, "पण गडगा आहे तिथं आहे."

कुळागर अजून विकलेले नाही. ते कधीच विकले जाणार नाही, असे मी सांगू शकत नाही. तीही सांगत नाही. कागद आता पर्समधून निघून कपाटात गेला आहे. खालच्या घरातल्या मुलाने मात्र गेल्या हिवाळ्यात स्वतःच्या परसातला पडका गडगा कोणालाही न विचारता उभा केला, असे कळले. त्याचे तोंड जरा वाकडे झाले आहे म्हणे. शेपूट लांब असेल, तर चालेल.